एकाच बैलाचे दोन रंग का येतात? काळं-पांढरं एका फोटोत धरताना

सात-आठ वर्षांपूर्वी पोळ्याला मी देवणी तालुक्यातल्या एका गावात बैलांचे फोटो काढत होतो. ज्या मामांकडे उतरलो होतो त्यांचा बैल बाळंक्या, म्हणजे देवणी जातीतला अंगाने पांढराशुभ्र आणि पोटाखाली, पायांकडे काळे ठिपके असलेला. एक फोटो लांबून घेतला. चहूकडे काळं रान, मागे बाभळी, मधे बैल. दुसरा जवळून घेतला. त्यात नुसती मान, वशिंड आणि डोकं, चौकट भरून. आठ दिवसांनी दोन्हींच्या प्रिंट नेऊन दिल्या. मामांनी त्या शेजारी शेजारी धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि विचारलं, "बैल एकच हाय, मग ह्येच्यात चुन्यागत आन् ह्येच्यात राखाडी कामून दिसूलालाय?" मग लांबच्या फोटोवर बोट ठेवलं. "आन् मानेखालच्या पोळीवर बारीक ठिपके हायत त्येचे, ते कुठं गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जातिवंत जनावर पाळणाऱ्याला रंगात तडजोड चालत नाही, कारण देवणीत रंगावरूनच प्रकार ठरतो. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या आणि बाकी अंग पांढरं तो वानेरा, अंगभर काळी-पांढरी ठिगळं तो शेवरा, आणि मामांचा तो बाळंक्या. माझ्या फोटोत बाळंक्याचे ठिपकेच गेले होते.

हीच तक्रार वेगवेगळ्या रूपांत मला सतत ऐकू येते. काळ्या पाषाणाचं देऊळ धुरकट येतं. कापसाची बोंडं मळकट दिसतात. टोपी-धोतरातल्या आजोबांचा चेहरा काळवंडतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानातल्या कडब्याच्या कोपीत जेवणाऱ्या माणसांच्या मागचं शिवार जळून पांढरं होतं. प्रत्येक जण वेगळा उपाय शोधतो, कुणी लेन्स बदलतो, कुणी फोन. पण या बहुतेक तक्रारींचं मूळ एक आहे आणि ते कळलं की दुरुस्ती फोटो काढायच्या आधीच करता येते.

आधी दुखणं ओळखा

घरी जाऊन मी त्या दोन फोटोंची माहिती उघडली. छिद्र, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, दोन्हींत एफ ८. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा, १००. ऊन तेच, वेळ साडेअकराची, दोन फोटोंत मोजून तीन मिनिटांचं अंतर. पण लांबच्या फोटोला कॅमेऱ्याने शटर १/२०० सेकंद उघडं ठेवलं होतं आणि जवळच्याला १/१०००. एकाच उन्हातल्या एकाच बैलाला दोनदा वेगवेगळा उजेड दिला, तोही पाचपट फरकाने. मामांचा डोळा चुकला नव्हता.

तुम्हीही हेच करा. बिघडलेला फोटो एकटा बघू नका. त्याच उन्हात, त्याच जागी काढलेले आगेमागचे पाच-सहा फोटो काढा आणि त्यांचं शटर, छिद्र, आयएसओ शेजारी लिहा. फोनच्या गॅलरीतही फोटोच्या माहितीत हे आकडे असतात. उजेड बदललेला नसताना आकडे वर-खाली झाले असतील तर दुखणं मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचं आहे. आकडे तेच असून एकच फोटो बिघडला असेल तर कारण दुसरं आहे. बहुधा ढग आला, किंवा माणूस सावलीत सरकला.

आणि फोटो चांगला आला की नाही हे उन्हात उभं राहून कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठरवू नका. भर उन्हात पडदा अंधारा वाटतो, म्हणून आपण फोटो आणखी उजळ करतो आणि घरी आल्यावर हळहळतो. त्याऐवजी हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद किती आणि उजळ किती ते दाखवणारा आलेख. उजवीकडच्या भिंतीला आलेख चिकटून वर चढला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती सुरू करून ठेवा. झुलीवरची जर, घुंगुरमाळ, शिंगांचं बेगड लुकलुकलं तर चालतं, ते चमकणारच. कातडं लुकलुकलं तर लगेच उजेड कमी करा. पुरता जळलेला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

कॅमेरा काय धरून चालतो

कॅमेऱ्यातल्या मीटरला बैल, रान, टोपी यांतलं काही कळत नाही. समोरून किती उजेड येतोय एवढंच तो मोजतो आणि समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फोटोग्राफीत त्या मध्यमाला १८ टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. दुकानात मिळणारं ग्रे कार्ड तेच. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम बांधली ती याच गोष्टीवर. मीटर दाखवतो तो मध्यम, आणि समोरची वस्तू त्या मध्यमापासून किती पायऱ्या वर किंवा खाली ठेवायची ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं.

आता आमचा मराठवाड्याचा मुलूख बघा. काळी कसदार जमीन, काळा बेसॉल्ट, काळ्या म्हशी, आणि त्याच चौकटीत पांढरी टोपी, पांढरं धोतर, पांढरा कापूस. मध्यम राखाडी असं इथे फार थोडं आहे. लांबच्या फोटोत चौकटीचा बराच भाग काळ्या रानाने भरला होता. मीटरला वाटलं उजेड कमी आहे, म्हणून त्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. रान राखाडी झालं आणि बैल जळाला. जवळच्या फोटोत चौकटभर पांढरं कातडं होतं. मीटरला वाटलं उजेड फार झाला, म्हणून त्याने हात आखडता घेतला आणि बैल राखाडी झाला.

यात एक मोठी सोय आहे. मीटर चुकतो, पण दर वेळी एकाच दिशेने चुकतो. काळ्याला तो नेहमी उजळवतो आणि पांढऱ्याला नेहमी मळवतो. त्यामुळे कॅमेऱ्यावरची उजेड अधिक-उणे करायची कळ (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) आधीच उलट्या बाजूला फिरवून ठेवता येते. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर अधिक, काळ्याने भरली असेल तर उणे. नवशिक्याला हे उलटं वाटतं, पांढरं आहे म्हणजे कमी करावं असं मन सांगतं. मनाचं ऐकू नका.

माझे आकडे असे (एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मा): पांढऱ्या बैलाने चौकट भरली तर अधिक दीड स्टॉपच्या आसपास, कोरड्या काळ्या पाषाणाने भरली तर उणे एक, म्हशीने भरली तर उणे दीडच्या जवळ. लाल कंधारी बैल गडद तांबडा असतो, त्याला उणे अर्धा ते पाऊण पुरतो. हे आकडे पाठ करू नका. तुमच्या कॅमेऱ्याचा मीटर थोडा वेगळा वागेल, म्हणून आपल्याच गोठ्यात एकदा करून बघा. फोनवर हेच करायला बैलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे अडकतो, मग सूर्याची खूण दिसेल ती हळूच वर किंवा खाली सरकवा.

मिरवणुकीत मात्र हे पुरत नाही

वेशीतून बैल एकामागोमाग येतात. ढवळा येतो, मागून शेवरा, मग कुणाचा तरी लाल कंधारी, मधेच फेट्यांची गर्दी. दर जनावराला अधिक-उणे करत बसलात तर अर्धे फोटो हुकतील. पण सगळे येतात ते एकाच उन्हातून. म्हणून मॅन्युअल मोडवर या, म्हणजे शटर, छिद्र, आयएसओ तुम्हीच ठरवाल; उजेड एकदा मोजा आणि नंतर हात लावू नका.

मोजायचा कशावर? स्वतःच्या तळहातावर. जनावर ज्या उन्हात आहे त्याच उन्हात हात धरा, सूर्य जसा त्याच्या अंगावर पडतोय तसा तळहातावर पडू द्या, स्वतःची सावली त्यावर येऊ देऊ नका. मीटर स्पॉटवर, म्हणजे चौकटीतल्या एका लहान ठिपक्यापुरताच उजेड मोजेल असा ठेवून तळहात मोजा. तळहात हा मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, आणि माणूस सावळा असो की गोरा, तळव्यांच्या रंगात फारसा फरक नसतो. म्हणून मीटर जे सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. झालं. आता ढवळा ढवळाच येईल आणि काळा काळाच.

स्वच्छ उन्हात पडताळा घ्यायचा तर जुना हिशेब आहे: छिद्र एफ १६ असेल तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० ला १/१००, म्हणजेच एफ ८ ला १/४००. माझे १/२०० आणि १/१००० हे दोन्ही आकडे या १/४०० च्या दोन बाजूंना पडले होते. दोन्ही फोटो चुकले आणि बरोबरचं शटर मधे होतं. पोळा श्रावण अमावास्येला येतो, आभाळ धड भरलेलंही नसतं आणि धड मोकळंही. ढग आला की पुन्हा तळहात. मी एक उन्हाचा आणि एक ढगाचा असे दोन आकडे सकाळीच मनगटावर पेनने लिहून ठेवतो.

काळं आणि पांढरं एकत्र आलं की कॅमेऱ्याला झेपत नाही, असं बरेच जण म्हणतात. मी शेवरा बैलाच्या अंगावरची दोन ठिगळं एकाच उन्हात स्पॉट मीटरने मोजली तेव्हा फरक चार-साडेचार स्टॉपचा निघाला. आजचा साधा कॅमेराही एवढं सहज पेलतो. ओढाताण होते ती ऊन आणि सावली एकत्र आल्यावर. त्याच बैलाचं पाठीवरचं पांढरं उन्हात आणि पोटाखालचं काळं सावलीत असलं की अंतर सात-आठ स्टॉपवर जातं. म्हणून बैलाच्या रंगाशी झगडू नका, त्याला वळवा. मालकाला म्हणा, कासरा धरून जरा तिरपा उभा करा. ऊन एका बाजूने सगळ्या अंगावर पडलं की निम्मं काम झालं. मालकाशिवाय मात्र कासऱ्याला हात लावू नका, आणि ढोल-ताशाच्या गोंगाटात बिथरलेल्या जनावरासमोर फ्लॅश उडवू नका.

टोपीखालचा चेहरा

याला दोन कारणं आहेत आणि लोक एकावरच थांबतात. पहिलं कारण मीटर. टोपी, सदरा, धोतर सगळं पांढरं, म्हणून कॅमेरा हात आखडतो आणि चेहरा काळा पडतो. चेहरा मोजून अधिक-उणे केलं की हे सुटतं. पण मग डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. गांधी टोपीला कड नसते, तेव्हा ती सावली टोपीची नाही. माथ्यावरच्या उन्हात भुवयांचं हाड डोळ्यांवर सावली पाडतं. फेटा असेल तर त्यात भर पडते.

ही सावली भरून काढायला खालून उजेड यावा लागतो, आणि काळ्या रानात तो येत नाही. काळी माती उजेड पिऊन टाकते. त्याच माणसाला बांधावरून पंधरा पावलं चालवत खळ्यावर न्या, कडब्याच्या गंजीसमोर उभं करा किंवा घराच्या फरशीवर आणा, चेहरा आपोआप उघडतो. एकदा दोन्ही ठिकाणी उभं करून बघा, थर्माकोलचा पत्रा घेऊन फिरायची गरज किती कमी होते ते कळेल.

याहून चांगली गोष्ट मला एका आजोबांनी नकळत दाखवली. उभं राहून पाय दुखले म्हणून ते उकिडवे बसले. धोतर गुडघ्यांवर ताणलं गेलं आणि त्या पांढऱ्या कापडाने खालून असा उजेड फेकला की हनुवटी, गालावरच्या सुरकुत्या, डोळ्यांतलं पाणी सगळं दिसायला लागलं. तेव्हापासून मी भर दुपारी धोतरातल्या माणसाला उभं करतच नाही. "आबा, जरा टेका," एवढं म्हणतो. बसलेला माणूस मोकळाही होतो, हात कुठे ठेवावेत हा प्रश्न त्याला पडत नाही.

एक कळकळीची विनंती. फोनमधलं चेहरा गोरा करणारं फिल्टर बंद करा. बऱ्याच फोनमध्ये ते न सांगता सुरू असतं. आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसाचा रंग आणि त्याच्या कपाळावरच्या रेघा यांच्यासाठीच आपण फोटो काढतो. ते पुसून टाकलं तर त्याच्या घरचेही त्याला ओळखणार नाहीत.

काळा पाषाण

देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर चालुक्यकालीन सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रियांच्या मूर्ती, आहेत. पहिल्या खेपेला मी तिथून साठेक फोटो घेऊन आलो आणि एकही ठेवावासा वाटला नाही. उणे एक स्टॉप दिल्यावर दगड काळा आला खरा, पण मूर्ती चपट्या. दागिन्यांची कोर, बोटांची वळणं, कमरेचा बाक काहीच उठून येईना.

इथे मीटर दुरुस्त करून भागत नाही. काळ्या दगडात रंगाचा फरक नसतो, आकार दिसतो तो फक्त सावलीने. ऊन समोरून पडलं की सावल्या मूर्तीच्या मागे लपतात. ऊन भिंतीला घासत गेलं तरच कोरीव काम उठतं. म्हणून देवळाभोवती एक चक्कर मारा आणि ऊन कुठल्या भिंतीवर नुकतं चढतंय किंवा नुकतं उतरतंय ते बघा. दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी असं तिरपं ऊन मिळतं. उत्तरेची भिंत हिवाळाभर सावलीत असते, तिथे जायचं ते उन्हाळ्यात, सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो तेव्हा, अगदी सकाळी किंवा मावळतीला. आमच्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या सुमाराला ढग नसतील तर सगळ्याच भिंतींवर ऊन वरून खाली घासत येतं. मे महिन्यात दुपारी बाराला देवळात कोण जातं, असं सगळे म्हणतात. मी जातो, पाण्याची बाटली घेऊन. सुरसुंदरीच्या भुवईची, नाकाची, हाराची सावली तेव्हा अशी लांब खाली उतरते की दगड ओला असल्यासारखा जिवंत वाटतो.

फोनचं एचडीआर इथे बंद ठेवा. ते सावल्या उजळवतं, आणि इथे सावलीच हवी आहे.

पावसाळ्यात दगड खरोखर ओला असतो तेव्हा आभाळाची चकाकी त्यावर पडते आणि काळ्याचा पांढुरका होतो. पोलरायझर फिल्टर लावून हळूहळू फिरवा, एका जागी चकाकी मरते. म्हशीच्या ओल्या अंगालाही हाच उपाय.

पांढऱ्या इमारतीची गोष्ट थोडक्यात: बीबी का मकबरा ढगाळ दिवशी राखाडी येतो, त्याला अधिक एक द्या. घुमट संगमरवराचा आहे आणि भिंतींचा बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा, दोन्हींचा पांढरा सारखा नाही. तो फरक दिसू द्या, सगळं एकसारखं पांढरंफेक करू नका.

कोपीच्या आतून, लेण्याच्या आतून

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, रानात कडब्याची कोप उभी करतात, आत पांडव मांडून पूजा होते, आंबिल आणि भज्जीचं जेवण होतं. आतल्या माणसांचा फोटो घ्यावा तर बाहेरचं हरभऱ्याचं शिवार जळतं, शिवार धरावं तर आतले लोक काळी बाहुली होतात. दोन्ही एका फोटोत हवं हा हट्टच मुळात तपासा. मला आतल्या पंगतीतले चेहरे हवे असतील तर मी कोपीच्या दाराशी पाठ करून आत तोंड करतो. मग दारातून येणारा उजेड माझ्या मागून त्यांच्या चेहऱ्यांवर पडतो आणि जळायला मागे शिवारच उरत नाही. मी दाराच्या एका कडेला सरकून बसतो, नाहीतर माझीच सावली पडते. कडब्याच्या फटींतून येणारे कवडसे मागे दिसतात, ते जळले तरी शोभतात. आणि कोप व शिवार दोन्ही दाखवायचंच असेल तर शिवार मोजा, आतल्या माणसाला दारात आडव्या अंगाने बसवा आणि त्याच्या नाका-कपाळाची कड उजळेल तेवढ्यावर समाधान माना. तो फोटो अनेकदा जास्त बोलतो.

संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरं शिवाराला फेरी मारतात. चौकट अंधारी म्हणून मीटर उजळवतो आणि ज्वाळा पांढरा गोळा होते. उणे दीड ते दोनवर जा. काळोख पडायची वाट बघू नका. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळात निळा उजेड असतो, तेवढ्यात ज्वाळा, पोराचा चेहरा आणि मागची बाभळीची रेघ तिन्ही मिळतात.

लेण्यांत हाच घोळ दगडात होतो. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, आतल्या मूर्तींपर्यंत ऊन पोचतं ते दुपार कलल्यावर. सकाळी सकाळी जाणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, आणि चालू नयेच. आयएसओ ३२०० च्या पुढे बिनधास्त जा, कोपर छातीला टेकवा, श्वास सोडून चार-पाच फोटो सलग घ्या, त्यातला एक धारदार निघतो. रंगवलेल्या खांबाला टेकू नका. चित्रांना उजळ करण्याच्या नादी न लागता उणे अर्धा ठेवला तर पद्मपाणीच्या अंगावरचा मंद उजेड तसाच राहतो. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करातला चित्रकार १८४४ पासून या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला करत होता आणि १८६० च्या दशकात त्याने तिथे कॅमेराही चालवला. तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या रसायन लावलेल्या ओल्या काचा मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद द्यायच्या, लाल आणि पिवळा त्यांवर काळवंडायचा. गेरू आणि पिवळ्या मातीने रंगवलेल्या भिंतींपुढे तो माणूस काय घेऊन उभा होता, हे अंधारात हात थरथरायला लागले की मला आठवतं.

रंगाचा अंदाजही तसाच चुकतो

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं, हा मीटरचाच भाऊ. सगळे रंग मिळून राखाडी होतात असं तो धरून चालतो. खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळतात, नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतो, तेव्हा चौकट पिवळी होते. कॅमेऱ्याला वाटतं पिवळं फार झालं, तो निळं घालतो. हळद फिकी पडते आणि माणसं आजारी दिसतात. कोपीतला कडब्याचा सोनेरी उजेडही असाच मारला जातो. ऑटो सोडून उन्हाच्या खुणेवर ठेवा आणि दिवसभर तिथेच राहू द्या. हळद आणि गुलालाला थोडा उजेडही कमी द्या. पिवळ्यात आणि लालात एकच रंग आधी भरून जातो, मग कणांचा पोत जाऊन नुसता सपाट डाग उरतो. हिस्टोग्राम रंगवार दिसत असेल तर लाल आलेखावर नजर ठेवा.

डोळा धारदार येत नाही

वानेऱ्याच्या काळ्या तोंडावरचा काळा डोळा, किंवा म्हशीचं डोकं. फोकस मागेपुढे शोधत राहतो आणि शेवटी कानावर नाहीतर शिंगावर बसतो. फोकसला धरायला गडद-उजळाची रेघ लागते. डोळ्याच्या रेषेतली म्होरकी, वानेऱ्यात काळं-पांढरं मिळतं ती सीमा, यांवर एकच बिंदू ठेवा. वेसणीवर ठेवू नका, नाकपुडी डोळ्यापेक्षा पुढे असते आणि छिद्र मोठं असेल तर नाक धारदार आणि डोळा धूसर येतो. स्वतः थोडं खाली बसा आणि अशा बाजूला या की मोकळं आभाळ त्याच्या डोळ्यात उतरेल. तो पांढरा ठिपका दिसला की फोकसही बसतो आणि जनावर आपल्याकडे बघतंय असंही वाटतं.

प्रिंट

एवढं सगळं करून शेवटच्या पायरीवर घात होतो. लॅबमधलं मशीनही फोटो छापताना आपोआप सुधारणा करतं, आणि तेही मध्यम राखाडी धरूनच. तुम्ही मुद्दाम काळा ठेवलेला दगड ते उजळवतं, पांढरा ठेवलेला बैल मळवतं. माझ्या पहिल्या प्रिंट आणखी बिघडल्या त्यात याचाही वाटा होता. फोटो देताना स्पष्ट सांगा: ऑटो करेक्शन बंद ठेवा, जसा दिलाय तसाच छापा. आधी एक लहान प्रिंट काढून ती दुकानाबाहेर, उन्हाआड, दिवसाच्या उजेडात बघा. मग मोठी सांगा.

पुढच्या पोळ्याला मी मामांच्या बैलाचा फोटो पुन्हा घेतला, तळहात मोजून, १/५०० ला, म्हणजे हिशेबापेक्षा तिसरा हिस्सा स्टॉप कमी, पांढरं राखायला. रान काळं आलं, बैल पांढरा आला. प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मामा दावणीला वैरण टाकत होते. हात धोतराला पुसून त्यांनी फोटो घेतला, मानेखाली बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. "ह्यो बघ," ते म्हणाले, "हितं हायत."